रानगड्याचे नियम

वलवणला खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी दार उघडलं, ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघतच.

"स्टेशनवरून किती वाजता निघालात?"

मी वेळ सांगितली. त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि सदऱ्याच्या खिशातून एक लांबट वही काढून तिच्यात लिहिलं. "सदतीस मिनिटं. बत्तीसमध्ये व्हायला हवं होतं. पिशवी किती किलोची आहे?"

मला कुठलं माहीत असायला? ते आत गेले, भंगारवाल्याकडे असतो तसला आकड्याचा काटा घेऊन आले आणि माझी पिशवी त्याला लटकवली. साडेनऊ किलो भरली. त्यांचा चेहरा एकदम खुलला. "मग बरोबर आहे," ते म्हणाले. "चला, खोली माडीवर आहे."

त्याआधी मी लोणावळ्यात चार खोल्या पाहिल्या होत्या. चारही ठिकाणी जात, लग्न आणि येणारेजाणारे यांची चौकशी झाली होती. पिशवीचं वजन विचारणारा घरमालक मला तेवढ्यावरच पटला. मी बार्शीची, वय चोवीस, लोणावळ्यातल्या एका खाजगी दवाखान्यात एक्सरे काढायच्या नोकरीवर नुकतीच लागलेली. त्या घरात मी पावणेतीन वर्षं काढली.

त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. तेहतीस वर्षं त्यांनी साखळी आणि मोजणीचं टेबल घेऊन पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ पायाखाली घातला होता. भावाभावांची भांडणं, चोरून सरकवलेले बांध, रातोरात गायब झालेले हद्दीचे दगड, सगळं पाहिलेलं. अंगाने वाळक्या शेंगेसारखे, पाय मात्र पोटऱ्यांपासून खाली एखाद्या तिशीतल्या गड्याचे.

भाऊ बसत नसत. हे मी शोभेसाठी सांगत नाही, खरोखरच बसत नसत. जेवायचे ते ताट हातात धरून, स्वयंपाकघर ते ओसरी अशा फेऱ्या मारत. मावशी, म्हणजे त्यांची बायको, चुलीजवळच्या पाटावर बसून त्यांची वाट बघायची आणि समोरून गेले की ताटात वाढायची. "भात फुडच्या फेरीला," असं म्हणायची. एकदा मी तिला विचारलं, भाऊ असे का? तर म्हणाली, "बसता येत असतं तर मामलेदार झालं असतं की गं. खुर्ची न्हाई मानवली."

दर रविवारी दुपारी ओसरीवर खेळ भरायचा. तो आणला किरणने. किरण परंदवडीचा. त्यांच्या शेताची मोजणी भाऊंनी केली होती तेव्हापासूनची ओळख. आता तो तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात इंजिनिअर होता आणि सुट्टीच्या दिवशी पाठीवरच्या पिशवीत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि चित्रविचित्र फासे घेऊन फिरायचा. खेळ असा की टेबलाभोवती चारपाच माणसं बसतात. एकजण एक काल्पनिक जग सांगतो, डोंगर, राक्षस, पडके किल्ले. बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र होतात. आपलं पात्र काय करणार ते तोंडाने सांगायचं, वीस बाजूंचा फासा टाकायचा, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवणार. पात्रांचे साचे ठरलेले असतात: तलवारवाला, मंत्रवाला, चोर. कुठल्या साच्याला काय जमतं आणि त्याला गुण किती, ते सगळं पुस्तकात आकड्यांत लिहिलेलं.

आकड्यांत लिहिलेलं, हे ऐकूनच भाऊंनी ते पुस्तक ठेवून घेतलं होतं म्हणे. इंग्रजी जेमतेम. शब्दकोश घेऊन, येरझारा घालत, दोन महिन्यांत त्यांनी ते संपवलं. त्यात रानात राहणारा एक योद्धा होता. हातात धनुष्य, सोबत लांडगा. भाऊंनी किरणला बोलावून घेतलं.

"हा जेवतो कधी?"

"भाऊ, ते धरून चालायचं असतं."

"पायात काय आहे याच्या?"

"बूट."

"कसले? भिजले तर? सुकायला किती वेळ?"

"तसं लिहिलेलं न्हाई."

"मग हा मेला," भाऊ म्हणाले. "दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मेला. लांडग्यानं खाल्ला याला."

त्या दिवसापासून त्यांनी स्वतःचा साचा बनवायला घेतला. मी राहायला आले तेव्हा ते काम चौथ्या वहीत होतं. त्याला 'रानगडी' हे नाव दिलं शमीमआपांनी. आपांचं बाजारात शिवणकामाचं दुकान. शाळांचे गणवेश आणि हॉटेलांचे पडदे ही मुख्य कामं. मावशीची झंपरं शिवता शिवता त्या एका रविवारी ओसरीवर बसल्या आणि मग उठल्याच नाहीत. आमच्यात सगळ्यात चांगलं खेळायच्या त्याच. राक्षसाशी लढायच्या आधी त्याच्याशी बोलून बघायच्या, आणि निम्म्या वेळा राक्षस त्यांचं ऐकायचा.

मी माडीवरून खाली डोकावणारी. तिसऱ्या रविवारी मलाही ओढलं. भाऊ जग सांगायचे ते टेबलाभोवती गरागरा फिरत. दरी माझ्या डाव्या कानाशी सुरू व्हायची आणि उजव्या कानाशी संपायची. रविवारी संध्याकाळी आम्हा तिघांच्याही माना अवघडलेल्या असत.

पण खेळ म्हणजे निमित्त. भाऊंचा खरा जीव नियमांत होता आणि एकही नियम ते करून बघितल्याशिवाय लिहीत नसत. "अंदाज म्हणजे आळस," हे त्यांचं वाक्य दिवसातून दोनदा तरी ऐकू यायचं. रानगड्याने ओल्या लाकडावर आग पेटवायची तर किती वेळ लागेल? एक दिवस मी आंघोळीला गेले तर बादलीत कारवीच्या काटक्या भिजत घातलेल्या. परसात दीड तास धूर. शेजारचे घाबरून धावत आले तर भाऊ काडेपेटीतल्या काड्या मोजत उभे. उपाशी माणूस कितव्या दिवशी चिडतो? तीन दिवस दिवसाला एका भाकरीवर राहिले, रोज धरणाच्या कडेने तेवढंच अंतर चालले, आणि मावशीला सांगितलं की माझा राग एक ते दहामध्ये लिहून ठेव.

"राग मोजायचा व्हय?" मावशी म्हणाली. "मंग तीन दिसाचा कशाला? लगीन झाल्यापासनंचा सांगते की."

चिलखताच्या वेळी त्यांनी आपांकडून एक बंडी शिवून घेतली. तिला चौदा खिसे आणि प्रत्येक खिशात वाळू. ती घालून भाऊ रेल्वेच्या पुलावर अकरा वेळा चढले-उतरले. बाराव्या वेळी तिथल्या शिपायाने हटकलं. खिशात काय आहे? वाळू. कशाला? चिलखत तपासतोय. शिपायाने चौदाही खिसे उलटे केले. भाऊ त्याच्यावर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "आता परत पहिल्यापासून मोजावं लागणार."

माझ्या वाट्याला हाडं आली. मोडलेल्या घोट्यावर माणूस किती चालू शकतो, असं त्यांनी मला जिन्यात गाठून विचारलं. मी म्हटलं, ते माणसावर आहे. "माणसावर म्हणजे? तुमच्याकडे येतात त्यांना विचारत जा ना, कुठून चालत आलात म्हणून." मी हसले, पण दुसऱ्या दिवशीपासून खरंच विचारायला लागले. डॉक्टर माझ्याकडे बघायचे. मी फिल्म लावायचे, रोग्याचा पाय सरळ करायचे आणि विचारायचे, "पडल्यावर किती पावलं टाकलीत?" संध्याकाळी भाऊ दारातच वही उघडून उभे असत. त्या माणसाजवळ राहिलं की आपणही कशाच्या तरी मागे लागल्यासारखं व्हायचं. कशाच्या, ते कळायचं नाही. मला दवाखान्यापर्यंतची पावलं पाठ झाली होती.

बाहेरच्यांशी आणि आमच्याशी भाऊ कचेरीतलं मराठी बोलायचे. मावशीशी मात्र गावचं. आणि मनातून हलले की आमच्याशीही गावचंच निघायचं. ते मी फार थोड्या वेळा ऐकलं.

तिसऱ्या वर्षी, जून महिन्यातल्या एका रविवारी, त्यांनी सोबतीचा नियम वाचून दाखवला. "रानगडी एकटा असेल तर त्याची चाल सहा. एक सोबती असेल तर पाच. दोन असतील तर चार."

आपांनी हातातलं वेफर खाली ठेवलं. "म्हणजे आम्ही दोघी तुमच्याबरोबर आलो तर उणे दोन?"

"तुम्ही म्हणजे तुम्ही नाही हो. कुणीही."

"कुणीही म्हणजे आम्हीच. दुसरं कोण येतंय तुमच्याबरोबर?"

"आपा, तो आकडा आहे. अपमान नाही."

"आकडाच म्हणते मी. सोबतीचा फायदा किती, तो आकडा कुठाय? नुसतं नुकसानच लिहिलंय."

भाऊ थांबले. वही मिटली, परत उघडली. "फायदा मी कधी मोजला नाही," त्यांनी कबूल केलं. "सगळ्या चाचण्या मी एकट्यानेच केल्या." मग लगेच डोळे चमकले. "पुढच्या रविवारी चला. तुंगार्लीच्या वर पठारावर जाऊ. चौघं. मोजू."

आपांचं दुकान गणवेशांनी भरलेलं होतं. शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले तरी अर्धी पोरं रंगीत कपड्यांत जात होती, आणि रोज कुणाची तरी आई दुकानात येऊन भांडायची. तरी त्या आल्या. सकाळी सातला, कापडी बूट घालून, डब्यात उकडलेली अंडी घेऊन. "मला तो आकडा बदलून घ्यायचाय," मला म्हणाल्या.

चढ संपेपर्यंत ठीक होतं. भाऊ पुढे जायचे, परत मागे यायचे, आमच्याभोवती एक चक्कर मारायचे आणि पुन्हा पुढे. आम्ही एक चाललो तर ते तीन चालले असतील. पठारावर पोचलो आणि धुकं उतरलं. आधी समोरचं झुडूप गेलं, मग किरणचे पाय गेले. भाऊंना आनंद झाला. त्यांनी खिशातून एक पितळी शिट्टी काढून आपांच्या हातात दिली.

"हा फायदा मोजू. सोबत्याची हाक धुक्यात कुठवर पोचते? तुम्ही इथे खडकावर बसा. दर दोन मिनिटांनी एकदा वाजवा. मी पावलं मोजत जातो. ऐकू येईनासं झालं की लिहून घेतो आणि परत येतो."

"किती वेळात?"

"पंधरा मिनिटं. फार तर वीस."

ते गेले. चौथ्या पावलाला दिसेनासे झाले. आपा घड्याळ बघून शिट्टी वाजवत होत्या, अगदी नेमाने. वीस मिनिटं झाली. अर्धा तास झाला. आम्ही अंडी खाल्ली. पाऊण तास झाला तेव्हा आपांनी डबा बंद केला.

"पडले तर नसतील?"

"भाऊ?" किरण हसला. "त्यांना हे सगळं रान पाठ आहे, आपा. तुमी बसा निवांत."

"रानाला ते पाठ आहेत का?"

त्या उठल्या. भाऊ गेले त्या दिशेने दहाबारा पावलं पुढे गेल्या, आवाज लांब जावा म्हणून. मला त्यांची पाठ अंधुक दिसत होती. एकदा वाजवली. मग एक पाऊल अजून पुढे टाकलं आणि खडकावरच्या शेवाळावरून पाय सरकला.

मी पोचले तेव्हा त्या बसलेल्या होत्या आणि उजवा हात डाव्या हातावर एखाद्या परक्या वस्तूसारखा धरलेला होता. मनगट नेहमीच्या जागी नव्हतं. त्या ओरडल्या नाहीत. मला एवढंच विचारलं, "हाडच आहे ना?"  मी कारवीच्या दोन काठ्या तोडल्या, त्यांच्याच ओढणीने बांधल्या. किरणने गवतातून शिट्टी शोधली आणि वाजवायला लागला. दोन मिनिटांनी एकदा नाही, सलग, श्वास पुरेल तोवर, मग परत. ओठ पांढरे पडेपर्यंत वाजवली. कुणी आलं नाही.

किरणला तिथे थांबायचं होतं. आपा म्हणाल्या, "मला खाली न्यायला दोघं लागतील." तेव्हा आम्ही निघालो. उतरायला अडीच तास लागले. दवाखान्यात एक्सरे मीच काढला. "हलू नका," मी सवयीने म्हटलं, आणि त्या हलल्या नाहीत. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. उजवा हात, शिवणकाम करणाऱ्या बाईचा.

मी घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. भाऊ अंगणात येरझारा घालत होते. मला बघून धावतच आले. "कुठे गेलात तुम्ही लोक? मी परत आलो तर खडक रिकामा! बरं, ऐका, तीनतीनदा मोजलं, एकशे नव्वद पावलं. धुक्यात एकशे नव्वद पावलांपर्यंत नक्की. आणि पुढे, कड्याच्या अलीकडे, मी स्वतः पुरलेला हद्दीचा दगड सापडला. अजून जागच्या जागी..."

मी सांगितलं काय झालं ते.

ते थांबले. पहिल्यांदाच त्यांना मी नुसतं उभं राहिलेलं बघितलं. "कुठला हात?"

"उजवा."

वही त्यांच्या हातात होती. मी ती काढून घेतली. का, ते आजही सांगता येत नाही. बहुतेक त्यांना आत्ता काही लिहू द्यायचं नव्हतं. शेवटचं पान ओलसर होतं, पण अक्षर नेहमीसारखं, एकेक आकडा वेगळा. तिथे लिहिलं होतं: 'अकरा चाळीस. शिट्टी सलग, अनियमित. आपा नियम पाळत नाहीत. चाचणी बाद. पुढे जातो.'

मी ते मोठ्याने वाचलं. मावशी दारात येऊन उभी होती.

"तुम्हाला ऐकू आली होती?"

"मला वाटलं, कटाळून वाजवत्यात," भाऊ म्हणाले. आणि मग, कुणाला तरी विचारल्यासारखं, "ऐकली व्हती की. ऐकली व्हती मी."

 मावशीने आत जाऊन डबा भरला, चप्पल घातली आणि भाऊंकडे न बघता आपांच्या घरी निघून गेली.

त्यानंतर आठ दिवस मी भाऊंशी बोलले नाही. दुसरी खोली शोधायलाही सुरुवात केली. दिवसभर खाली त्यांची पावलं ऐकू यायची, ओसरी, अंगण, विहीर, परत ओसरी. किरणचा फोन आला की तोही तेच विचारायचा, काय करतायत? मी म्हणायचे, चालतायत.

नवव्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळी, मी आपांच्या दुकानात बटणं लावत बसले होते. मला शिवण येत नाही, पण बटणं येतात. आपा डाव्या हाताने खडू धरून कापडावर रेघा मारायचा प्रयत्न करत होत्या आणि रेघ सारखी भरकटत होती. शेजारच्या दुकानातली एक बाई मशीन चालवून देत होती. समोर पाचसहा आया, प्रत्येकीजवळ एक पोर, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, कधी देणार? तेवढ्यात भाऊ आले. उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले, खिशातून वही काढली आणि सगळ्यांच्या देखत ते पान वाचलं. 'अकरा चाळीस'पासून 'पुढे जातो'पर्यंत, एकही शब्द न गाळता. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांना काहीच कळत नव्हतं.

"मी ऐकली व्हती, आपा," भाऊ म्हणाले. "कुनी पडलं आसंल हे डोक्यातच आलं न्हाई. डोक्यात आकडा व्हता. हे तुमाला कुनी सांगितलं नसंल, म्हनून आलो."

मी सांगितलं नव्हतं. त्या क्षणी आपांनी माझ्याकडे एकदा बघितलं, तेव्हा मला त्याची लाज वाटली.

मग त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. "झालं वाचून?"

"व्हय."

"मापं घेता येतात?"

भाऊंना प्रश्न कळलाच नाही. "कसली?"

"अंगाची. छाती, खांदा, बाही, उंची. मला एका हाताने टेप धरता येत नाही. ती खुंटीवर आहे, घ्या. त्या कोपऱ्यातल्या पोरीपासून सुरू करा. चौथीतली आहे, गुदगुल्या होतात तिला, जपून."

अशा रीतीने सबंध मावळ मोजलेल्या माणसाने सहा आठवडे लोणावळ्यातल्या पोरांचे खांदे मोजले. सकाळी दहाला यायचे, मध्ये घरी जेवून परत, संध्याकाळी सातला जायचे. मापं सुताच्याही आतली घ्यायचे. पोर श्वास सोडेपर्यंत थांबायचे आणि मग परत मोजायचे. आपा वैतागायच्या.

"बारा म्हणा, भाऊ."

"बारा नाही. पावणेबारा आणि एक सूत."

"साडेबारा लिहा."

"पण आहे पावणेबारा!"

"आज आहे. दिवाळीला तो एवढाच राहणार आहे का? पोरं वाढतात. कापडात जागा ठेवावी लागते."

भाऊ लिहायचे साडेबारा, पण हात अडखळायचा. दुकानात कापायचं टेबल उंच होतं, त्यामुळे सगळं काम उभ्यानेच. फेऱ्या मारायला मात्र जागा नव्हती. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहायचे, रेल्वेच्या डब्यात उभ्या राहिलेल्या माणसासारखे. या सहा आठवड्यांत आपा त्यांच्याशी मापांपलीकडे एक शब्द बोलल्या नाहीत. चहा आला की कप त्यांच्यापुढे सरकवायच्या, बस. आणि रानगड्याच्या वह्यांना, मावशीने मला सांगितलं, त्यांनी हात लावला नव्हता. "धूळ पुसाया गेले तर म्हनले, ऱ्हाऊ दे."

प्लास्टर निघालं त्या दिवशी दुसरी फिल्मही मीच काढली. हाड सांधलं होतं, पण किंचित कललेलं. कात्री फार वेळ धरवणार नव्हती. काजाचं बारीक काम तर जवळजवळ सुटलंच. संध्याकाळी भाऊ मला जिन्यात आडवे आले. वही नव्हती हातात.

"कललंय म्हणे. किती अंश?"

मला आकडा माहीत होता. मी म्हटलं, माहीत नाही. एवढं एकच माप मी त्यांना कधी दिलं नाही.

मी खोली सोडली नाही. पण पुढे डिसेंबरात मला पुण्यात चांगली नोकरी मिळाली आणि तशीही जायची वेळ आली. किरण म्हणाला, शेवटच्या रविवारी एकदा बसू. जूनपासून टेबल मांडलंच नव्हतं. मला वाटलं होतं, आपण तिघंच असू. साडेतीनला फाटक वाजलं आणि शमीमआपा आत आल्या. मावशीच्या हातात एक झंपर दिलं आणि आपल्या नेहमीच्या जागेवर बसल्या.

भाऊंनी टेबल मांडलं, पण त्यांचे हात कुठे काय ठेवायचं ते विसरले होते. फासे दोनदा खाली पडले. कोण कुठलं पात्र घेणार, असं किरणने विचारलं. मी नेहमीसारखी मंत्रवाली झाले. किरण तलवारवाला.

"मला रानगडी द्या," आपा म्हणाल्या.

"तो अजून पुरा झाला नाही, आपा," भाऊ म्हणाले. "कुणी खेळलेलाच नाही तो."

"असू दे. जेवढा झालाय तेवढा द्या."

भाऊंनी आतून वही आणली. तिच्यावर खरंच धूळ होती. ती त्यांनी सदऱ्याला पुसली, आपांपुढे ठेवली आणि जग सांगायला सुरुवात केली. टेबलाभोवती फिरत होते, पण नेहमीपेक्षा हळू. आम्ही तिघं एका डोंगरावर होतो, पलीकडच्या खिंडीत कुणाचा तरी पहारा होता, वगैरे. आवाज उसना आणल्यासारखा होता. किरणने एक राक्षस मारला, तोही जरा लवकरच मेला. खेळ चालला होता, पण कुणाचंच त्यात लक्ष नव्हतं.

मग आपांनी विचारलं, "इथे धुकं आहे का?"

भाऊ माझ्या खुर्चीमागे होते. त्यांचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर आला. "आहे," ते म्हणाले.

"मग मी शिट्टी वाजवते."

किरण माझ्याकडे बघायला लागला. मावशी आत भांडी लावत होती, तो आवाजही थांबला.

"फासा टाकावा लागेल," किरण हळूच म्हणाला. "बारा किंवा वर पडले तर ऐकू जाईल. नियम आहे तसा."

आपांनी डाव्या हाताने फासा उचलला आणि टाकला. तो टेबलावर गडगडत गेला, वहीला अडला, आणि थांबला. दोन.

आम्ही सगळे त्या आकड्याकडे बघत होतो.

"ऐकू आली," भाऊ म्हणाले.

"भाऊ, दोन पडलेत."

"ऐकू आली मला. मी येतोय."

"पण भाऊ, तुमी खेळातच न्हाई," किरण म्हणाला. "जग सांगणाऱ्याला पात्र नसतं."

भाऊ माझ्या खुर्चीमागून निघाले, टेबलाला वळसा घालून आपांच्या बाजूला आले, आणि तिथे नुसते उभे राहिले. "येतोय मी, आपा," ते म्हणाले.

आपांनी फासा उचलून मुठीत धरला. वर बघितलं नाही.

"सावकाश या," त्या म्हणाल्या. "खाली शेवाळ आहे."